खो-खोच्या मैदानावर नव्याने प्रशिक्षक झालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी तालुक्याच्या गावात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलामुलींना खो-खो शिकवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून माझा फोन जास्त वाजतो. कधीकाळी शाळेकडून खेळलेले, आता दुकान, शेती नाहीतर नोकरी सांभाळणारे लोक गावात मुलं गोळा करतात आणि विचारतात, "सर, आता पुढं काय?" गंमत म्हणजे डावपेचांचं कुणी फारसं विचारत नाही. प्रश्न असतात ते मुलांशी कसं वागायचं याचे. तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, आणि त्यातली बरीचशी आधी चुकून मग सुचलेली आहेत.

मी जिल्हा पातळीपर्यंतच खेळलो. मुलं मला मानतील का?

मानतील. तुमच्या भिंतीवर किती प्रमाणपत्रं आहेत याचं मुलांना काही पडलेलं नसतं. साडेपाच म्हटलं होतं, तर साडेपाचला चुन्याची पिशवी घेऊन मैदानावर कोण उभं आहे, एवढं ती बघतात. सत्तावीस बाय सोळा मीटरचं मैदान तुम्ही रोज नीट आखता, की काल पुसट झालेल्या रेषांवरच काम भागवता, हेही त्यांच्या लक्षात येतं.

अर्थात शिकत राहावं लागतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, संघटनेची पंच परीक्षा आहे, जमेल ते करा. आणि मुलाने विचारलेलं आलं नाही तर "माहीत नाही, बघून उद्या सांगतो" म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. त्या "उद्या सांगतो"वर मुलं डोळा ठेवून असतात.

पहिल्या महिन्यात काय शिकवू?

कमी. बसणं, उठणं, खो देणं, पळणं एवढंच. मूल बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने "खो" म्हणायला लाजत असेल, तर ती लाज जाईपर्यंत पुढचं काही शिकवू नका.

त्या महिन्यात तुमचं खरं काम बघण्याचं. कोण कुणाबरोबर येतं, कोण एकटं येतं. कुणाला आल्या आल्या पाणी लागतं, म्हणजे ते शाळेतून चालत आलंय. कोण अनवाणी आहे, आणि बूट नाहीत म्हणून, की असलेले जपून ठेवलेत म्हणून. मी दोनशे पानी वही ठेवतो, प्रत्येक मुलाला दोन पानं. पहिल्या महिन्यात त्यात खेळाचं जवळजवळ काहीच नसतं.

कौतुक किती करायचं? आचरेकर सर तर कधीच "छान" म्हणत नसत ना?

हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कौतुक न करण्याची परवानगी हवी असते.

रमाकांत आचरेकर सरांची गोष्ट क्रिकेटची, पण सगळ्याच मैदानांना लागू पडणारी. शिवाजी पार्कवर सराव संपत आला की ते यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला जो बाद करेल त्याचं नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननेच सांगितलं की सर कधी "छान खेळलास" म्हणाले नाहीत, मी हुरळून जाईन अशी त्यांना भीती असायची, आणि आता एकही सामना उरला नाही तेव्हा म्हणायला हरकत नाही.

लोक या गोष्टीतलं न बोलणं तेवढं उचलतात आणि स्कूटर विसरतात. हेच सर शाळकरी सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, त्याला जास्तीत जास्त सामन्यांत फलंदाजी मिळावी म्हणून. उन्हातान्हात सर आपल्याला स्कूटरवरून फिरवतात हे ज्या मुलाला दिसतं, त्याला तोंडी "छान"ची गरज कमी पडते. आपण मात्र स्कूटरही काढत नाही आणि "छान"ही म्हणत नाही, वर म्हणतो, आम्ही जुन्या वळणाचे.

मी कौतुक करतो, पण नुसतं "भारी खेळलीस" म्हणत नाही. ते मुलांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही. "दुसरी हूल देताना तू डावा खांदा आधी वाकवलास, म्हणून ती फसली," हे आठवतं. कारण त्यातून तिला कळतं की सरांनी त्या क्षणी तिच्याकडे बघितलं होतं.

चूक कशी सांगायची? मी ओरडतो, पण फरक पडत नाही.

ओरडणं मलाही सुटलेलं नाही. तरी एक प्रसंग सांगतो.

नववीतली एक मुलगी होती. हुलकावणी सुंदर, दम चांगला, पण संरक्षण करताना दर वेळी खांबाजवळ बाद. मी तीन आठवडे बाहेरून ओरडत होतो, "खांब सोड! अगं खांब सोड!" मी ओरडलो की ती आणखीच थबकायची. एका संध्याकाळी घसा बसला होता म्हणून ओरडता येईना. सराव संपल्यावर ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "खांबापाशी पोचतेस तेव्हा तुला नेमकं दिसतं काय?"

ती नाडीशी चाळा करत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, बसलेल्यांची तोंडं दिसतात. कुणाचं तोंड माझ्या बाजूला आहे ते मोजते, तोवर मागून हात लागतो."

आठ चौकांतले आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात. पळणाऱ्याला ते बघावंच लागतं, म्हणजे ती करत होती ते बरोबरच होतं, फक्त उशिरा करत होती. मी म्हटलं, "मग दोन चौक आधीच मोज. खांबापाशी फक्त पळ." पंधरा दिवसांनी तालुक्याच्या सामन्यात ती एक मिनिट चाळीस सेकंद पळाली. तीन आठवडे मी तिला खांब सोडायला सांगत होतो आणि तिची अडचण खांब ही नव्हतीच.

तेव्हापासून मी "असं का केलंस?" विचारत नाही. त्याचं उत्तर मुलं "चुकलं सर" असंच देतात. "काय दिसलं?" विचारतो.

मारावं का? थोडंसं?

नाही. थोडंसंही नाही. आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्याही मारायला लावू नका. पळणं हाच आपला खेळ आहे. त्याचीच शिक्षा केली तर मुलाने खेळ म्हणून काय खेळायचं?

चांगलं खेळणारं मूल अचानक येईनासं झालं. काय करू?

तिसऱ्या दिवशी घरी जा. फोन नको, कारण फोनवर "बरं नाही" एवढंच ऐकू येतं.

ही शिकवण मला एका मुलाने दिली, आणि तिची किंमतही त्यानेच मोजली. आमच्या भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. आठवीतला हा पोरगा पळणाऱ्याला टिपायला हवेत झेपावून आकाशीय सूर मारायचा तेव्हा बघणारे श्वास रोखायचे. जिल्ह्याच्या निवडीआधी तो सलग नऊ दिवस आला नाही. मी सगळ्यांसमोर त्याचं नाव यादीतून खोडलं आणि वर म्हणालो, "शिस्त म्हणजे शिस्त." एकाही मुलाने तोंड उघडलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. त्याचे आई-वडील कारखान्याला गेले होते. घरी थकलेली आजी आणि दोन धाकटी भावंडं. गल्लीत पाणी यायचं ते साडेपाच ते साडेसहा, म्हणजे नेमकं आमच्या सरावाच्या वेळी. नऊ दिवस पोरगा हंडे भरत होता.

मला हे कळलं स्पर्धा संपल्यावर, तेही दुसऱ्याकडून. मी घरी गेलो, माफी मागितली. तो "असू द्या सर" म्हणाला. पुढच्या वर्षी त्याने कबड्डी धरली. अजून रस्त्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो, पण माझ्या मैदानावर पुन्हा आला नाही.

आता दिवाळीच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, यंदा घरी कोण असणार? त्यावरून काही मुलांची वेळ सकाळची करतो. सगळ्यांना एकच नियम लावायला हातात छडी पुरते. घराघराची वेळ माहीत करून घ्यायला पायपीट लागते.

धाराशिवच्या सारिका काळे यांचं नाव मी अशा वेळी नव्या प्रशिक्षकांना मुद्दाम सांगतो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार, आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं त्या दिवसाला एका वेळच्या जेवणावर खेळल्या. आपल्यासमोर सूर मारणारं पोर दुपारी जेवलंय का, हे आपल्याला माहीत असायला हवं की नको?

मी पुरुष आहे आणि मुलींचा संघ चालवतो. काय काळजी घेऊ?

हे उत्तर लांबणार आहे, आणि ते पूर्ण वाचा.

सूर कसा मारायचा, बसताना पाय कसा ठेवायचा हे अंगाला हात लावून दाखवू नका. मोठ्या मुलीकडून करून दाखवा. ती सोय नसेल तर स्वतः करून दाखवा, लागलं तर धुळीत लोळा. दुखापत झाली आणि हात लावावाच लागला, तर आधी विचारा आणि दुसरी मुलगी शेजारी उभी करा. बाहेरगावी जाताना संघाबरोबर बाई माणूस हवंच: शिक्षिका, कुणाची आई, माजी खेळाडू, कुणीही. कोणत्याही मुलीला एकटीला खोलीवर बोलवायचं नाही, गाडीवरून एकटीला सोडायला जायचं नाही. निरोप द्यायचा तो पालक असलेल्या व्हॉट्सअॅप गटावर. रात्री नऊनंतर मुलीला वेगळा मेसेज गेला, मग तो "उद्या सराव सहाला" एवढाच का असेना, तर ती सवय तुमची चांगली नाही.

पाळीचं. साहित्याच्या पेटीत सुतळी, बँडेज, चुन्याबरोबर पॅडचं पाकीट ठेवा आणि पेटीची किल्ली मोठ्या मुलीकडे द्या. "आज बसते सर" असं कुणी म्हणालं तर "बस" म्हणा. का, हे चारचौघांत विचारायचं नाही. सुरुवातीला मलाच लाज वाटायची. पाकीट माझ्या बायकोने आणून पेटीत टाकलं आणि म्हणाली, "यात लाजण्यासारखं तुमचं काय आहे?"

आता कायद्याचं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने गुन्हा केला तर शिक्षा आणखी कडक आहे, आणि आपण त्या जागेवरच असतो. शिवाय असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. मग तो माणूस तुमचा मित्र असो, पंच असो की संस्थेचा पदाधिकारी. "आपसांत मिटवू" म्हणणारे भेटतील. मिटवायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावरच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवा, म्हणजे तुमच्याविरुद्ध काही सांगायचं असलं तरी मुलांना तो शोधत बसावं लागणार नाही.

एवढं सगळं पाळून नातं रुक्ष होतं का? उलट, आमच्याकडच्या मुली मोकळ्या हसतात, भांडतात, माझी नक्कलही करतात. कुंपण कुठे आहे हे ठाऊक असलं की आत मोकळं वावरता येतं.

पालक विचारतात, "यातून नोकरी लागेल का?" काय सांगू?

खरं सांगा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. पण कोणत्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक, प्रमाणपत्राची पडताळणी, यावर सगळं ठरतं आणि नियम बदलत राहतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या. "पोरीची नोकरी पक्की समजा" असं सांगून मूल मैदानावर टिकवू नका. टिकेल, पण तुमच्या शब्दावर टिकेल, आणि तो शब्द तुमच्या हातातला नाही.

दहावी आली की खेळ बंद करायचा, हे दर जूनमध्ये ठरलेलं. मी भांडत नाही. "रोज नको, आठवड्यात तीन दिवस, सकाळी एक तास" एवढंच मागतो. मागताना ओट्यावर बसतो, चहा घेतो, आणि आईशी बोलतो. वडील परवानगी देतात, पण रोज सकाळी सहाला मुलाला उठवते ती आई.

आणि मुलीचं लग्न ठरवलं तर?

अठराच्या आत असेल तर ते बेकायदा आहे, हे स्पष्ट सांगायचं. ऐकलं नाही तर १०९८ आहेच. अठरानंतर मात्र तुमच्या हातात फक्त बोलणं उरतं. माझ्या संघातल्या दोन मुलींच्या बाबतीत ते पुरलं नाही.

माझीच मुलगी संघात आहे.

निवड दुसऱ्या कुणालातरी करू द्या. आणि घरी जेवताना खो-खो नको.

मूल मोठ्या क्लबमध्ये जायचं म्हणतंय. इतकी वर्षं मी घडवलं, आणि आता?

आता जाऊ द्या.

लिहायला सोपं आहे. माझ्या पहिल्या राज्य खेळाडूने शहरातल्या क्लबकडे जायचं ठरवलं तेव्हा त्याला माझ्या सहीचा एक कागद हवा होता. मी तो आठ दिवस खिशात घालून फिरलो. बायकोला सांगत होतो, शिक्क्याचं काम आहे. शिक्का माझ्याच कपाटात होता. आठव्या दिवशी पोराचे वडील आले. काही मागितलं नाही, नुसते ओट्यावर बसून राहिले. मी आत जाऊन कागद आणून दिला.

त्या आठवड्यात मला जे दिसलं ते फार चांगलं नव्हतं. त्याला माझी जेवढी गरज होती, त्यापेक्षा मला त्याच्या पदकाची गरज जास्त होती. वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे "मार्गदर्शक" म्हणून माझं नाव छापून यायचं, ते कात्रण मी दुकानात काउंटरवर ठेवायचो. बाकी चुका सुधारता येतात, पण ही एक नात्याला आतून कुरतडते, आणि कुरतडताना तिला आपण प्रेमच म्हणत असतो. "माझा पोरगा" हे शब्द आपल्या तोंडी फार यायला लागले की जरा सावध व्हा.

आता कुणी जाणार असेल तर मी त्याची वहीतली दोन पानं उतरवून नव्या प्रशिक्षकाला देतो: कोणता घोटा मुरगळला होता, कशाने घाबरतो, कोणत्या बाजूची हूल कच्ची आहे. काही प्रशिक्षक ती घडी घालून खिशात टाकतात आणि कधी उघडत नाहीत. एकाने मात्र चार दिवसांनी फोन करून विचारलं, "घाबरतो म्हणजे नेमका कशाला?"

फी घ्यावी का? भेटवस्तू?

फी घ्या. चुना, पट्ट्या, प्रवास फुकट होत नाही. ज्यांना जमत नाही त्यांची घेऊ नका, आणि कोण देतं, कोण नाही हे मुलांमध्ये कळू देऊ नका. भेटवस्तूंत शेतातल्या शेंगा, हुरडा चालेल. मोबाइल, घड्याळ नको.

आपल्या खेळात राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार देतात. मोठा मान आहे, माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. तरी दर वेळी डोक्यात येतं, की ज्याला गुरूने शिकवलं नाही आणि वर अंगठा मागून घेतला, त्याच्या नावाचा पुरस्कार घेताना खेळाडूने मंचावरच्या आम्हा प्रशिक्षकांकडे कोणत्या नजरेने बघायचं?

जन्मतारीख थोडी पुढे करून चौदाखालच्या गटात खेळवलं तर?

तुम्ही खोट्या कागदावर सही करताना तेच मूल शेजारी उभं असतं. पुढे तुम्ही त्याला काहीही सांगितलं, तरी ते त्या सहीवरून जोखणार.

मुलं दुखणं लपवतात.

लपवतात, कारण सांगितलं की बाहेर बसावं लागतं. आपल्या खेळात बसणं-उठणं इतकं आहे की गुडघा पहिल्यांदा बोलतो. वाढत्या वयात, साधारण दहा ते पंधरा वर्षांत, वाटीच्या खाली जिथे हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखू लागलं, जिना चढताना कळ आली, तर "तेल लाव" म्हणू नका. हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा आणि ते सांगतील तितके दिवस उड्या आणि सूर बंद ठेवा. मुलगी लवकर धापा टाकते, चेहरा फिका दिसतो, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं.

लपवणं कमी करायचा माझा एकच उपाय आहे. दुखतंय म्हणून सांगणाऱ्या मुलाला मी बाहेर बसवतो, पण हातात घड्याळ देतो. तो वेळ मोजतो, कोण किती पळालं ते लिहितो. संघातच असतो.

हरून परतताना गाडीत काय बोलायचं?

काही नाही. वडापाव घ्या. चुकांचं सोमवारी बोला.

मलाच कंटाळा आलाय. मुलांना दोष देता येत नाही, पण मजा गेली.

पहिलं, मे महिन्यात पंधरा दिवस मैदान बंद ठेवा आणि स्वतः तिकडे फिरकू नका.

दुसरं, कुणालातरी तुमच्याकडे बघायला बोलवा. दहाव्या वर्षी मी असाच वैतागलो होतो. मुलं कष्ट करत नाहीत, पूर्वीसारखी राहिली नाहीत, असं सगळ्यांना सांगत फिरायचो. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक माझा सराव बघायला आले. दोन तास पारावर बसले, कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता माझ्या डावपेचांवर काहीतरी सांगतील. निघताना चप्पल घालत म्हणाले, "मैदानावर चोवीस पोरं होती. तू एकाच पोराचं नाव एक्केचाळीस वेळा घेतलंस. नऊ जणांचं एकदाही नाही. मजा कुठून येणार?"

मोजलं होतं त्यांनी, काडेपेटीवर रेघोट्या ओढून. ती काडेपेटी त्यांनी मला दिली.

त्या नऊ जणांत कोण होतं ते मी दुसऱ्या दिवशी शोधायला लागलो. एक मुलगी निघाली, जिला पळण्यात गती नव्हती, पण सामन्यातले निर्णय ती माझ्याआधी सांगायची. आज ती राज्य पातळीवर पंचगिरी करते, आणि मागच्या हंगामात तिने माझ्याच संघाचा खो चुकीचा ठरवला. बरोबर होतं तिचं. त्या दिवशी घरी येताना मी उगाचच खूश होतो.

मुलांनी मला सर म्हणावं की दादा?

त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे मुली सर म्हणतात, मुलं सर म्हणतात आणि पाठीमागे "चुनेवाले" म्हणतात.

त्या वहीत नेमकं लिहायचं काय?

फार नाही. एका मुलाला दिवसाआड एक ओळ, झोपायच्या आधी पाच मिनिटं. मत लिहू नका, दिसलेलं लिहा. "आळशी" लिहिलं की ते मूल वर्षभर आळशीच दिसतं. "आज तीनदा उशिरा उठला" लिहिलं की का, हे विचारावंसं वाटतं. वही मुलांच्या हाती पडली तरी लाज वाटू नये, असं लिहा. नमुना म्हणून गेल्या महिन्यातल्या एका पानावरच्या ओळी देतो, नाव सोडून:

सोमवार. पहिल्या तुकडीत पळाली, ५५ सेकंद. डावीकडे वळताना अडखळते. उजवीकडे नाही.

बुधवार. पुन्हा डावीकडे. काय दिसलं विचारलं, म्हणाली काही नाही.

शुक्रवार. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलाय, आतून सुतळीने बांधलाय. वळताना तोच अडकतो. तिला काही बोललो नाही. मापाचा नंबर तळावर आहे, ४. शनिवारी बाजार.